मांडवातली गादी

“पाठीचा विषय काढलास तर बघ,” दुकानाची पायरी चढता चढता बबूआत्या माझ्या कानाशी पुटपुटली आणि तिने माझ्या दंडाला चिमटा घेतला. “सातवं स्थळ हाय हे. आठवं मी आणायची न्हाई.”

“आत्या, पण गादी माझ्यासाठी घेतोय ना?”

“गादी मांडवासाठी घेतोय. तू गप बस.”

ही गोष्ट कराडची, पंचवीसएक वर्षांपूर्वीची. माझं लग्न तोंडावर आलं होतं. सकाळपासून दोन्हीकडची माणसं मिळून बस्ता बांधत होती, म्हणजे लग्नाची कापडखरेदी चालली होती. ती उरकली आणि संसारसेटाची पाळी आली. आमच्या भागात मुलीच्या बापाने कपाट, पलंग, गादी, मिक्सर, भांडीकुंडी असा अख्खा संसार द्यायचा असतो. नुसता देऊन भागत नाही. लग्नाच्या दिवशी तो मांडवाच्या एका कडेला मांडून ठेवावा लागतो. येणारी प्रत्येक बाई कपाटाचं दार उघडून बघते, पातेल्यावर टिचकी मारते, गादीत मूठ खुपसते आणि मगच जेवायला बसते. त्यामुळे आमच्याकडे गाद्या मुठीच्या मापाने विकल्या जायच्या. त्यावर पुढे कुणाला तरी झोपायचं आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नसायचं.

माझ्या मात्र दुसरं काही मनातच नव्हतं. कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळायचे. एका सामन्यात चढाईला गेले, पकड झाली आणि समोरचा सगळा संघ माझ्या अंगावर पडला. कमरेचा मणका सरकला. मिरजेला कितीतरी दिवस पडून होते. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी मला पुन्हा चालायला लावलं, धावायला लावलं. त्या म्हणायच्या, “शैलजा, दिवसाची काळजी तुझी तू घेशीलच. रात्री अंथरूण घेतं.” आता मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. रोज सकाळी मुलींबरोबर मैदानाला फेऱ्या मारत होते. पाठ माझ्याशी इमानाने वागत होती. तिची अट एकच, गादी खचणारी नको. एकदा मावसबहिणीकडे तिच्या नव्या मऊ गादीवर झोपले, तर सकाळी मला कुशीवर वळवून उठवायला दोघीजणी लागल्या होत्या.

पण गावात बातमी पसरायची ती अर्धीच पसरते. “शैलीची पाठ मोडलीय,” एवढंच सगळीकडे झालं होतं. सहा स्थळं त्याच वाक्याने परत गेली. विट्याकडचं हे सातवं स्थळ आत्याने मोठ्या हिकमतीने आणलं होतं, आणि पाठीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, असं घरात सगळ्यांना बजावलं होतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटलेलं नव्हतं. पण धाकट्या बहिणीपुढे बोलायची त्यांची कधीच छाती झाली नाही. मलाही मुलगा आवडला होता, म्हणून मीही मूग गिळून बसले होते.

दुकानात माझ्या होणाऱ्या सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. गजराबाई त्यांचं नाव. उंच, सडसडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि बोलणं असं मोजकं की समोरच्याचा घसा कोरडा पडावा. सकाळी कापडाच्या दुकानात त्यांनी नुसती मान हलवून साड्यांचे ढीगच्या ढीग परत पाठवले होते. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. सकाळपासून मी त्यांना एकदाच मामी म्हटलं होतं आणि त्यांनी ओ दिली नव्हती.

“दावा शेठ, तुमच्यातली एक नंबर दावा,” आत्या म्हणाली.

दुकानदार चंदूशेठनी गड्याला हाक मारली आणि एक गादी पलंगावर टाकली. जांभळ्या सॅटिनचं कव्हर, त्यावर सोनेरी वेलबुट्टी आणि वर प्लॅस्टिक. टम्म फुगलेल्या पुरीसारखी ती गादी दिसत होती. आत्याने बाही सरसावून मूठ हाणली. मनगट आत गेलं.

“अगं बाई! लोणी हाय, लोणी! विहीणबाई, तुम्ही बघा की हात लावून.”

गजराबाईंनी हात लावला नाही. गादीकडे बघून त्यांचं तोंड कसनुसं झालं. “अशीच एक हाय आमच्या घरात. थोरलीच्या लग्नातली.”

“मग आमची तिच्यापरीस जाड पायजे,” आत्या लगेच म्हणाली. “शेठ, याच्यावरची हाय का?”

“याच्यावर आता ढगच, वहिनी,” चंदूशेठ म्हणाले. “हीच घ्या. मांडवात नाव काढंल. करू का बिल?”

मला त्या गादीची भीती वाटली. परीक्षेची, पडण्याची, अगदी पंचाचीही कधी वाटली नव्हती, तेवढी त्या जांभळ्या सॅटिनची वाटली. पहिली सकाळ डोळ्यांपुढे आली. परकं घर, दाराबाहेर सासू चहा घेऊन उभी, पाहुण्यांच्या कुजबुजी, आणि आत नवी नवरी उताण्या कासवासारखी पडलेली. मग दारोदार सांगितलं जाणार, फसवून गळ्यात बांधली. आणि ते खोटं नसणार.

चढाईला गेलेल्या खेळाडूला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. पकड होणारच असेल तर ती मध्यरेषेच्या जवळ व्हावी. म्हणजे निदान हात लांब करून रेषा तरी गाठता येते. आत, अगदी शेवटच्या कोपऱ्यात धरली गेलीस तर संपलीस. सासरचं घर म्हणजे शेवटचा कोपरा होता. हे दुकान अजून मध्यरेषेजवळ होतं.

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि पलंगावर चढून सरळ उताणी झोपले. खालचं प्लॅस्टिक चरचरलं.

“अगं ए! उठ! उठ तिथनं!” आत्या किंचाळली. “नवरी मुलगी भर दुकानात आडवी पडती व्हय?”

“ताई, प्लॅस्टिक फाटंल,” चंदूशेठ पुढे धावले.

“काढा ना ते प्लॅस्टिक.”

“आमी काढत न्हाई. गिऱ्हाईक हातानंच बघतं.”

“गिऱ्हाईक हाताने झोपतं का?”

मी कमरेखाली हात सरकवून बघितला. हात शिरायला जागाच नव्हती. कंबर केव्हाच आत गेली होती. खांदे वर, गुडघे वर, आणि मी मध्ये झोळीत.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गजराबाई येऊन माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या. खालून बघताना त्या देवळाच्या कळसाएवढ्या उंच दिसत होत्या.

“काय चाललंय गं हे?”

“मामी, गादी बघतेय,” मी झोपूनच म्हणाले. “मला या गादीवर झोपता येणार नाही. माझ्या पाठीचा मणका सरकला होता.”

आत्या मधे पडली. “तसलं काय न्हाई हो विहीणबाई! ल्हानपणी जरा चिंचेवरनं पडली हुती, त्येच्यावर ती...”

“चिंचेवरून नाही आत्या. कबड्डी खेळताना. कॉलेजात.” मी उठून बसले. त्या गादीवरून उठायलाही हात टेकावे लागले.

गजराबाईंनी आत्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या अण्णांकडे. “आनी हे आमाला कवा सांगणार हुता?”

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्या बापाला मी असं उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, आणि रडण्याऐवजी मी भडकले.

“त्यांना विचारू नका, मला विचारा. पाठ माझी आहे. आता सांगतेय ना? लग्न मोडायचं असेल तर इथेच मोडा, अजून वरात निघालेली नाही. पण आधी पूर्ण ऐका. मी रोज पहाटे उठते. मैदानावर पोरींच्या पुढे पळते. भरलेली घागर उचलते. अंथरूण बरोबर असलं की माझी पाठ कुणाच्याही पाठीसारखी आहे. या गादीवर झोपले, तर पहिल्याच सकाळी मला उठवायला तुम्हाला भावकी बोलवावी लागेल. आणि मग तुम्ही म्हणाल फसवलं. ते मी ऐकून घेणार नाही, कारण ते खरं असेल.”

माझ्यावरची नजर न काढता गजराबाईंनी हाक मारली, “जालिंदर!”

माझा होणारा नवरा बाहेर जीपपाशी उभा होता. तो आत आला, पलंगावर बसलेल्या मला बघून गोंधळला, आणि कुणाचं तरी काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळलं.

“हिची पाठ दुखती म्हणती. मणका सरकला हुता. तुजं काय म्हणणं?”

तो खाली बघत म्हणाला, “आई, मी घोरतो. तेबी आजच सांगून टाकू का?”

चंदूशेठना हसू फुटलं. मलाही फुटलं असतं, पण गजराबाई हसल्या नाहीत. “तू जा भाईर,” त्या म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला आल्या. आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, “या असल्या गादीनं नेमकं काय हुतं? नीट सांग.”

“खचते ती मामी. कंबर आत जाते. रात्रभर पाठ वाकडी राहते. सकाळी अंग आंबलेलं असतं आणि चिडचिड होते. आणि दोघं झोपले तर आणखी वाईट.”

“दोघं झोपलं तर काय हुतं?” हे त्यांनी इतक्या घाईने विचारलं की मी चमकले.

“सांगून नाही कळायचं. झोपून बघा.”

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. आता उरलंसुरलंही संपलं, असा तिचा चेहरा झाला. पण गजराबाईंनी एकवार दाराकडे बघितलं, चपला काढल्या, डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि पलंगाच्या दुसऱ्या कडेला अगदी शिस्तीत आडव्या झाल्या. मीही माझ्या कडेला झोपले. क्षणभर काही झालं नाही. मग मधला भाग हळूहळू खाली गेला, सॅटिन निसटलं आणि आम्ही दोघी दोन्हीकडून घसरत येऊन मधल्या खड्ड्यात एकमेकींवर आदळलो. माझं डोकं त्यांच्या डोक्यावर आपटलं. त्यांच्या पाटल्या माझ्या बांगड्यांत अडकल्या. त्यांनी नेट लावून आपली कडा गाठली, की पुन्हा घसरून खड्ड्यात.

“अगं बया,” त्या छताकडे बघत म्हणाल्या. “अगं बया बया.”

त्यांचं अंग हलायला लागलं. मला वाटलं, रागाने. बघते तर त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग ते पाणी थांबेना.

“म्हंजे असं हुतं व्हय,” त्या म्हणाल्या. “दोन वरसं झाली. थोरला भाईर सोप्यात सतरंजीवर झोपतो. मंगल, थोरली सून माजी, आत फरशीवर झोपती. सकाळी उठली की दोघांची तोंडं दोन दिशेला. मला वाटलं, पटत न्हाई दोघांचं. मी त्या पोरीला नाय नाय ते बोलले. म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलले. आनी झोपती खड्ड्यात!”

“त्यांनी सांगितलं नाही कधी?”

“कशी सांगंल? म्हायेरची गादी. बापानं हौसेनं दिलेली, अख्ख्या मांडवानं मूठ मारून वाखाणलेली. त्या गादीवर झोप येत न्हाई म्हणाली, तर बापाचं नाक कापल्यागत न्हाई का व्हायचं?” त्यांनी पदराने डोळे पुसले. “तू बरी बोललीस.”

मग उठायचा प्रयत्न झाला. तो एकट्याने जमण्यासारखा नव्हता. मी त्यांना ढकललं, त्यांनी मला ओढलं, आणि आम्ही जमिनीवर उतरलो तेव्हा त्यांनी माझा हात सोडला नाही.

“शेठ,” त्या म्हणाल्या, “हुतं न्हवतं तेवढं सगळं दावा. आनी ते प्लॅस्टिक काढा.”

पुढचा सगळा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. दोन बायका, एक सासू आणि एक सून, कराडच्या भर बाजारात एकेका गादीवर आडव्या होत होत्या. दारात बघ्यांची गर्दी जमली, तर मामींनी आत्यालाच दारात उभं केलं, लोकांना हाकलायला. आत्या बिचारी पाठमोरी उभी राहून “सरका, सरका, काय बघताय” म्हणत राहिली. मी मिरजेच्या बाईंनी शिकवलेलं सगळं मामींना शिकवलं. उताणं झोपायचं, कमरेखाली हात घालून बघायचा. हात शिरतच नसेल तर गादी फार मऊ. हात आरपार सहज फिरत असेल तर फार कडक. मग कुशीवर वळायचं आणि तसंच पडून राहायचं. घाई करायची नाही. रात्र काय पटकन उरकत नाही.

निव्वळ काथ्याची एक होती, तिच्यावर मामी कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, “खांदा दुखला गं. ही फरशीच की.”

“हो ना. मऊ वाईट म्हणजे दगड चांगला असं नाही.”

स्पंजाची एक होती, ती आत गेली की वर यायचंच नाव घेईना. कापसाची एक छान होती, पण तिच्यात मध्ये गाठी आल्या होत्या. सगळ्यात शेवटी चंदूशेठनी भिंतीला टेकवलेली एक साधी गादी आणली. खाली काथ्या, वर फोमचा बेताचा थर, चौकड्यांचं सुती कापड. दिसायला अगदीच गरीब. मी तिच्यावर झोपले. कमरेखाली हात घातला, तर तो जरासा अडखळत शिरला. कुशीवर वळले. खांद्याने आपली जागा करून घेतली आणि कमरेने आपली. मी डोळे मिटले. पहाटेपासूनचा सगळा शिणवटा, सहा स्थळांचा सुद्धा, पाठीतून खाली उतरून गेल्यासारखा वाटला.

शेजारी मामी पडल्या होत्या. मी हललेलं त्यांना कळलं नाही, त्या हललेल्या मला कळल्या नाहीत.

“हीच,” मी म्हणाले.

“हीच,” त्या म्हणाल्या. “शेठ, असल्या दोन. एक थोरलीला.”

दुसरी तयार नव्हती. ती मागाहून पोचवतो, असं चंदूशेठ म्हणाले. आत्या दारातून आत आली, चौकड्यांच्या कापडाकडे बघितलं आणि तिचा बांध फुटला. “विहीणबाई, मांडवात ही मांडायची? लोक काय म्हणतील?”

“लोकांचं माज्यावर सोपवा,” मामी म्हणाल्या.

अण्णांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. जीपकडे जाताना ते माझ्या शेजारून चालत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बरोबर त्या दुखऱ्या जागी, आणि जीप येईपर्यंत काढला नाही.

लग्नाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. मांडवाच्या कडेला संसारसेट मांडला होता. बायका येत होत्या, गादीत मूठ मारत होत्या, मूठ तशीच वर येत होती. “एवढीशीच व्हय?” “बापानं हात आखडता घेतला गं.” मी मुंडावळ्या बांधून आत बसले होते तरी मला सगळं ऐकू येत होतं. आत्याने गादीवर तीन चादरी टाकल्या होत्या. तरी गादी काही फुगेना.

माइकवर एक गृहस्थ संसारसेटातल्या वस्तू मोठ्याने वाचून दाखवत होते. पलंगापर्यंत ते आले आणि एकदम खुडबुड ऐकू आली. मग त्यांच्याऐवजी मामींचा आवाज मांडवभर घुमला.

“ऐका गं बायांनो! मगापासनं मुठी मारताय. गादी मुठीसाठी नसती, पाठीसाठी असती. माजी सून कबड्डी खेळलेली हाय, विद्यापीठाच्या संघातनं. खेळताना तिचा मणका सरकला हुता, आनी तरी ती उभी ऱ्हायली. ही गादी तिनं सोता पाठीनं पारखून घेतलीय. ज्यांना बारीक वाटती त्यांनी चपला काढून आडवं व्हावं, मग बोलावं. मंगल, ये, तू आधी हो.”

ज्या वाक्यावर सहा स्थळं परत गेली होती, ते वाक्य कर्ण्यावरून गावाला ऐकवलं जात होतं, आणि ऐकवणारीचा आवाज असा होता की जणू सून पदक घेऊनच आलीय. आत्या माझ्याजवळ येऊन मटकन बसली. “सांगितलं गं बाई सगळं,” ती म्हणाली. आणि मग मांडवातून टाळ्या ऐकू आल्या. आमच्या शाळेच्या मुली होत्या त्या. “शैलजाबाई! शैलजाबाई!” अशा ओरडत होत्या, सामन्यात ओरडतात तशा. मी उठले. अण्णा मला न्यायला आले होते, त्यांचे डोळे लाल झाले होते. मी ताठ मानेने, ताठ पाठीने मांडवात चालत गेले.

अंतरपाट धरला गेला. पलीकडे जालिंदर उभा होता. मला त्याची फक्त पावलं दिसत होती. अक्षता वाटून झाल्या. भटजींनी घसा साफ केला आणि पहिल्या मंगलाष्टकाचा सूर असा लावला की कर्णा कुंईऽऽ करून ओरडला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मामी लगबगीने आल्या. ओठांवर बोट ठेवून त्यांनी सगळ्या मांडवाला गप्प केलं आणि मागे पलंगाकडे खूण केली. तिथे नव्या गादीवर, हातातलं अक्षतांचं तबक उशाशी ठेवून, मंगलवहिनी कुशीवर वळल्या होत्या.

“भटजी,” मामी हळूच म्हणाल्या, “जरा बारीक आवाजात म्हणा. थोरली झोपलीय माजी.”